डोळ्यातले किडे

चोपड्यात १९३४ च्या उन्हाळ्यात मौनीबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. रोग्याच्या डोळ्याला वेळूची नळी लावून बाबा ओढायचा आणि ताटलीत वळवळत्या अळ्या थुंकायचा. उपचार चालू असताना त्याचं मौन असे. बडबड सगळी चेल्याची: "बघा, पाप बाहेर पडतंय! इंग्रजी डॉक्टरला दिसतात का असे किडे?"

त्या गर्दीत माझी थोरली बहीण वच्छलाअक्का होती. उजवा डोळा लालभडक, अर्धं डोकं ठणकत होतं, ओकाऱ्या थांबत नव्हत्या. मी शाळामास्तर. "जळगावला नेऊ," एवढं एकदाच म्हणालो. तिचे यजमान तोतारामनाना म्हणाले, "बाबाना हातले गुण शे." मी ऐकून घेतलं. माझीच चीड मला आजही येते. तीन आठवड्यांत बाबाने पाच वेळा किडे काढले आणि अक्काचा तो डोळा विझला.

मग मी कुणालाही न विचारता तिला जळगावला नेलं. डोळ्यांचे डॉक्टर संतापले.

"किडे कसले! डोळ्यातलं रक्त परत नेणारी शीर तुंबली. रक्त फिरेना, म्हणून आत भलत्याच नाजूक शिरा उगवल्या. त्यांनी पाणी निघायची वाट बुजवली आणि डोळा दगडासारखा झाला. याला काचबिंदू म्हणतात. लवकर आणलं असतंत तरी हा डोळा वाचलाच असता असं मी म्हणत नाही. पण एवढ्या यातना? आणि डाव्यातही दाब वाढलाय!"

उजवा डोळा काढावा लागला. डाव्यात थेंब टाकून तो बधिर केला, बुबुळाच्या कडेला बारीक छिद्र पाडलं, पाण्याला वाट करून दिली. तो वाचला.

महिन्याभराने अक्का मांडवात जाऊन बाबासमोर बसली. हातात चूळ भरायला पाण्याचा तांब्या.

"डावा डोयाना किडा काढ, बाबा. पन पहिले चूय भर."

बाबाने नकारार्थी मान हलवली. चेला ओरडला, "मौन मोडेल!"

"चूय भराले बोलनं पडस का?"

लोक हसले. तोतारामनाना पुढे झाले. "भरा ना, बाबा."

बाबा घाईघाईने उठला आणि त्याला ठसका लागला. गालात दडवलेली पानाची पुडी सतरंजीवर पडली, फुटली. आत किडक्या वांग्यातल्या अळ्या! तोंडात पुडी असताना माणूस बोलणार कसा? म्हणून ते मौन.

अक्का गर्दीकडे वळली. "किडा मन्हा डोयामा नव्हतात, याना गालमा व्हतात!"

वाचकहो, डोळा लाल होऊन ठणकला, नजर मंदावली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरचे रागावले तरी गाठा.