दुःखाच्या घरून निघताना

दुःखाच्या घरून निघताना काही बोलायचं नसतं. चपला घालायच्या आणि मान खाली घालून चालू लागायचं. सोनाळ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोतीराम मात्र आपला दोस्त पंजाबराव वारल्यावर त्याच्या ओसरीवर दुपारभर बसला आणि उठता उठता सवयीने पंजाबरावाच्या बायकोला म्हणाला, "येतो, गोजरवहिनी."

ओसरीवरचे सगळे एकदम जमिनीकडे पाहू लागले.

अशा घरी पुन्हा यायचं, तर पुन्हा कोणीतरी जायला हवं. आणि त्या घरात आता गोजरबाई एकटीच उरली होती.

हे मोतीरामच्या डोक्यात घरी पोचेपर्यंत पक्कं झालं, आणि मग ते डोकं दुसरं कामच करेना. संत्र्यांना पाणी सोडलं की बंद करायचं विसरे. जेवताना घास हातातच राही. जरा डोळा लागला की पंजाबराव बाजेच्या कडेला येऊन बसे. बोलत काहीच नसे. जिवंतपणी त्याला गप्प बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटे.

रोज सकाळी मोतीराम गोजरबाईच्या घरावरून चक्कर मारी. चुलीचा धूर दिसला की परते. अर्ध्या वाटेत वाटे, धूर शेजारचा असला तर? की पुन्हा चक्कर.

"काऊन हो, त्या बाईवर पाळत ठेवून राह्यले काय?" बायकोने, अन्नपूर्णाबाईने विचारलं.

"जित्ती हाय का ते पाहून राह्यलो."

"मंग आत जाऊन पाहा ना!"

एका सकाळी धूर दिसलाच नाही. मोतीराम धावत आत शिरला. सिलिंडर भरून आलं होतं; गोजरबाई गॅसवर चहा ठेवत होती.

"वहिनी, मी त्या दिवशी 'येतो' म्हनलं. माह्यं चुकलं."

"चुकलं तं हायच. बाकीचे न बोलता गेले, ते फिरकलेच नाही. तुमी बोलून गेले, म्हनून मी रोज एक कप जास्त मांडून राह्यली. अन् तुमी रस्त्यावरूनच पळता!"

मोतीरामने चहा घेतला. छातीवरचा धोंडा उतरला. चौकापर्यंत तो उतरलेलाच होता. मग डोकं म्हणालं, बाई रोज वाट पाहत होती. वाट पाहून माणूस खंगतं.

घरी आला, तर भर उन्हात पंजाबराव बाजेवर आधीच बसलेला.

"अवं, मले डॉक्टरकडे घेऊन चाल," मोतीराम म्हणाला. "तो आता जागेपनी दिसून राह्यला."

अन्नपूर्णाबाईने रिकाम्या बाजेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. टोचून बोलायची एवढी चांगली संधी तिने आयुष्यात पहिल्यांदा सोडली.

"चाला," ती म्हणाली. "शेगावची गाडी भेटन."

दोघं निघाली. पंजाबरावही धोतर झटकून उठला.