काळी दोन

कीबोर्ड, कात्रीसारखा मिटणारा स्टँड, लॅपटॉप, पायात ठेवायचं पेडल, वायरींची पिशवी आणि वीज गेली तर म्हणून एक छोटी बॅटरी. एवढं सगळं एका स्कूटरवर बसवून गौरवी मांद्र्याच्या देवळापाशी पोचली, तेव्हा तिला एकटीलाच हसू येत होतं.

जत्रेतल्या संगीत नाटकाला इथे पिढ्यान्‌पिढ्या पायपेटी वाजत आलेली. ती हलवायला चार माणसं आणि एक पिकअप लागायची. यंदा तिचा भाता फाटला आणि दुरुस्त करणारा कोणी मिळेना. नुकतीच भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या गौरवीने भात्याला कशाबशा चिकटपट्ट्या लावल्या, चुलतभाऊ साईशला पायटे मारून हवा भरायला बसवलं आणि पेटीचा एकेक सूर लॅपटॉपमध्ये साठवून घेतला. आता कीबोर्डची पट्टी दाबली की जुन्या पेटीचाच आवाज येई, सुरुवातीच्या बारीक सुस्काऱ्यासकट.

नाटक मंडळाची अट मात्र स्पष्ट होती. आजच्या रंगीत तालमीत मुख्य गायकनट गोकुळदासकाकांना पटलं, तर उद्या नाटकाला गौरवी वाजवणार. नाहीतर मुरगावच्या वादकाला फोन जाणार.

काका काळी दोनमध्ये गात. म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी हा त्यांचा सा. गौरवीचा हात पांढरी एकवर, म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून बसलेला, म्हणून तिने लॅपटॉपमधून अख्खा कीबोर्ड काळ्या-पांढऱ्या धरून तीन सूर वर सरकवून ठेवला होता. बोट पांढऱ्या पट्टीवर, सूर काळी दोनचा. घरी तिने हे इतक्यांदा तपासलं होतं की शंकेला जागाच नव्हती. साईशनेही तिच्या सुरावर तबला लावून घेतला.

"ह्यां काय गो बाय, इस्त्रीचां टेबल?" काका रंगमंचावरून ओरडले. "माझो झब्बो आणू?"

"आणा काका, पण आधी गा."

काका पुढे आले. रंगमंचाच्या कडेला वाकून त्यांनी कीबोर्डच्या डाव्या टोकाची एक पट्टी दाबली, ते बोट कपाळाला लावलं आणि डोळे मिटून सूर धरला. लगेच एक डोळा उघडला.

"साईश, तबलो उतरलो रे तुझो!"

साईशने हातोडी उचलली आणि तबला चढवला. काकांनी पद सुरू केलं. गौरवीने साथ धरली आणि पहिल्याच ओळीला सूर विस्कटले. काका एका गावाला, ती दुसऱ्या. तरी काका रेटून वर गेले आणि वरच्या 'सा'ला त्यांचा आवाज चिरकला.

सगळं थांबलं. मंडळाचे अध्यक्ष कृष्णनाथ यांनी खिशातून मोबाईल काढला.

"पेटी खोटां बोलता," काका म्हणाले.

गौरवीने पांढरी एक दाबली. सूर काळी दोनचाच होता, अगदी बरोबर. मग चुकलं कुठे? ती क्षणभर पट्ट्यांकडे बघत राहिली.

"काका, तुम्ही आता दाबलीत कुठली?"

"खयची म्हणजे? काळी दोन! जन्मभर तीच दाबतंय."

गौरवीने कपाळावर हात मारला. गावातला कोणताच नट पेटीवाल्याकडे सूर मागत नाही, आपली पट्टी आपल्याच बोटाने दाबतो. लहानपणापासून बघत आल्यामुळेच ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. सरकवलेल्या कीबोर्डवर काकांच्या काळी दोनमधून आणखी तीन सूर वरची काळी तीन वाजली होती. आणि बिचारा तबला फुकटचा मार खाऊन बसला होता!

"कृष्णनाथकाका, फोन नको! चहा येईपर्यंत थांबा फक्त."

ती लॅपटॉपवर वाकली. कारण सापडल्याच्या आनंदाने तिची बोटं नुसती पळत होती. डाव्या टोकाचं सप्तक तिला साथीत कधीच लागत नव्हतं. तेवढंच तिने उरलेल्या कीबोर्डपासून वेगळं केलं आणि न सरकवता ठेवलं. त्या टोकाला काळी दोन म्हणजे काळी दोनच. उरलेला भाग तिचा.

"साईश, तबला परत उतरव."

"माझो तबलो की लिफ्ट?" साईश पुटपुटला, पण हातोडी चालवली.

काका पुन्हा वाकले. बोट पट्टीवर, मग कपाळाला. या वेळी डोळे मिटलेलेच राहिले. पद सुरू झालं. साथ आणि गळा एकमेकांना असे चिकटले की गौरवीला आपण वाजवतोय हेच कळेना. वरचा सा आला. काका त्यावर उभे राहिले, हलेचनात. गौरवीने पेडलवरचा पाय घट्ट दाबून धरला.

पद संपल्यावर काका खाली उतरले आणि त्यांनी कीबोर्ड उचलून काखेत धरला.

"काका, वायर!"

"चार माणसां लागायची गो," ते नवलाने म्हणाले. मग कृष्णनाथांकडे वळले. "तो फोन खिशात घाल. आणि गौरवी, उद्या पडद्याच्या आधी ये. येताना माझी काळी दोन विसरू नको."