समोरच्या गच्चीवरचे माकड

मित्रांनो, तुमच्यासारखेच मलाही दोन डोळे आहेत. फक्त ते जरा लांबचे पाहतात. मी एक जुनी दुर्बीण. कारखान्यात कुणीतरी माझ्या काचा इतक्या मायेने घासल्या, की माझी पहिली आठवण उजेडाचीच आहे. पुढे मी बंदरातल्या एका वाटाड्याच्या गळ्यात पडले. मोठ्या जहाजांना धक्क्यापर्यंत वाट दाखवायची, हे त्याचे काम. धुक्यातले जहाज आधी मला दिसे, मग त्याला. "हिची नजर घारीची आहे," असे तो कौतुकाने सांगे.

तो निवृत्त झाला आणि मी कपाटात गेले. तिथल्या दमट अंधारात माझ्या काचांवर बुरशी चढली. जग हळूहळू दुधाळ झाले. मला नुसती स्वप्ने पडत.

एके दिवशी त्याच्या मुलीने मला बाहेर काढले. ती माकडांचा अभ्यास करी. दूरच्या एका पावसाळी जंगलात, झाडांच्या शेंड्यांवर राहणारी माकडे होती. त्यांच्याबद्दल कुणालाच फारसे ठाऊक नव्हते. ती वर्षभरासाठी तिकडे निघाली होती.

दुरुस्तीवाल्याने मला उघडून पुसले. तो म्हणाला, "ताई, जंगलातली ओल हिला सोसायची नाही. पुन्हा आंधळी होईल."

"कपाटात बसूनही झालीच होती की," तिचे बाबा म्हणाले. "काहीतरी बघून होऊ दे."

आईला मात्र हे जाणेच पसंत नव्हते. "तिथे तुला ताप आला तर कोण बघणार?" एवढे विचारून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पानांआड हलणारा जीव शोधायचा आणि तो काय करतोय ते अचूक सांगायचे, याचा मुलीला सराव हवा होता. शहरात माकडे कुठली? "मी आहे ना!" बाबा म्हणाले. ते समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेले आणि वाळत घातलेल्या चादरींआड दडले.

"माकड डाव्या हाताने डोकं खाजवतंय," मुलगी मोठ्याने सांगे. "माकड जिन्यावर दम खातंय."

"या वयात मर्कटचेष्टा!" आई पुटपुटे, पण तिलाही हसू आवरत नसे.

एका दुपारी मुलगी पाणी प्यायला आत गेली, तेव्हा आईने मला डोळ्यांना लावले. वाऱ्याने चादर बाजूला झाली. बाबा पाण्याच्या टाकीला टेकून बसले होते आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसत होते. आईने मला खाली घेतले.

"काय करतंय माकड?" मुलीने येऊन विचारले.

"ऊन खातंय," आई म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने माझ्यासाठी जाड कापडाची पिशवी शिवली आणि ओल शोषणाऱ्या पुड्या आत ठेवल्या. "हिला रोज वाळव," ती मुलीला म्हणाली. "आणि स्वतःचं अंथरूणही."

आता मी त्या जंगलात आहे. इथे उजेडसुद्धा हिरवा आहे आणि सावकाश उतरतो. परवा एक माकडीण पिलाला पोटाशी धरून आमच्याकडे टक लावून पाहू लागली. पिलू बुजले. मुलीने मला हळूच खाली घेतले आणि मान वळवली. मला नुसता चिखल दिसत होता. वर फांदी हलली नाही. थोड्या वेळाने एका फळाची साल टपकन आमच्या शेजारी पडली. माकडीण पुन्हा खाऊ लागली होती!

मित्रांनो, दुर्बीण मऊ कापडाने पुसा, कोरडी ठेवा, पण कोंडून ठेवू नका. आणि ज्याच्याकडे पाहाल तो बुजला, तर क्षणभर नजर खाली घ्या. पाहण्यातही माया लागते.