आतली चरबी

रामकिसन खाटकानं बोकडाच्या कमरेवर पंजा ठेवला, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबली आणि लगेच उचलली.

"हाडं लागायलीत, मामा. खच्ची केलेला बोकड असा असतो व्हय?"

"पाच म्हैने झाले, नीट खात नाय," मुंजाबा म्हणाला. "बाना गेली तव्हापासून."

बायकोनं, बानाबाईनं, हा बोकड हातावर वाढवला होता. रोज तिन्हीसांजेला दारात बसून बाभळीच्या शेंगा, भिजवलेली मका, मूठमूठ. दुसऱ्या कुणाच्या मुठीला तो तोंड लावत नसे. मुंजाबानं तिचं लुगडं खांद्यावर घेऊनही पाहिलं. बोकडानं लुगडं हुंगलं आणि मान फिरवली. असाच झुरून मरायचा, म्हणून मुंजाबानं शहरात रामकिसनला निरोप धाडला होता.

"आत असंल की," तो म्हणाला. "चरबी आधी गुर्द्याला धरती, मंग कातड्याखाली. मासात समद्यात शेवटी उतरती. शेवटी आलेली शेवटीच जाती."

"कुनी सांगितलं?"

"बाना म्हनायची."

रामकिसन हसला. "मामी ढोराची डाक्टर व्हती का? भूक समदं खाती. कोरडं मास निघंल, बघा."

मुंजाबानं भावाची घासाघीस केली नाही. "मी येतो बघाया," एवढंच म्हणाला.

"बघवंल का?"

"कापताना नाय. कापल्यावर."

दुसऱ्या दिवशी वेरूळकडून येणाऱ्या पहिल्या गाडीनं तो शहरात, गुलमंडीमागच्या रामकिसनच्या दुकानात पोचला. बोकड सोलून टांगला होता. गुर्द्यांवरची चरबी जाऊन ते उघडे पडले होते. पाठीवर चरबीचा पापुद्राही नव्हता.

रामकिसननं कमरेच्या मांसावर आडवी सुरी ओढली.

लाल मांस उघडलं. आत पांढरे धागे होते. जोंधळ्याच्या मुळांसारखे बारीक, एकातून एक फुटत आतवर गेलेले.

रामकिसननं वाकून पाहिलं, अंगठा फिरवला. अंगठा चकाकला.

"मामी बराबर व्हती," तो हळूच म्हणाला. मग सुरी पुसत, "पाव किलो बांधू, मामा? घरी न्या."

"नगं."

दुपारपर्यंत हे सगळं कुणाच्या तरी रश्श्यात वितळून जाणार होतं. मुंजाबानं हात पुढं केला, पण लावला नाही. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत तो त्या धाग्यांकडं बघत उभा राहिला, आणि ते आलं तेव्हा बाजूला सरकला.