पांढरी चकती

"हलू नका हो. पाखरंसुद्धा तुमच्यापेक्षा शांत बसतात."

"पाखरांना कुठं कळतंय समोर कोण आहे ते," नवरा म्हणाला आणि त्यानं शर्टाची बाही आणखी वर सारली.

सुट्टीचा दिवस होता. पिंजऱ्यातली पाखरं सोडली तर प्रयोगशाळेत चिटपाखरू नव्हतं. इथं ती जिवंत पाखरांच्या पिसांचा रंग मोजायची. नळीतून पिसांवर प्रकाश टाकायचा, परत येईल तो यंत्रानं तपासायचा. पडद्यावरच्या रेघेवरून कळायचं, पिसात कोणता रंग किती आहे ते. पाखरू जितकं पिवळं तितकं ठणठणीत, असं ती पाहुण्यांना हौसेनं सांगायची. माणसाचं तसं नसतं, हेही तिला ठाऊक होतं.

महिनाभर तिला नवऱ्याच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसत होता. तो घरं रंगवायचा, त्यामुळे बहाण्यांना तोटा नव्हता. कधी डोळ्यांत रंग उडालेला, कधी दिवा जुना, नाहीतर "वय झालं की माणूस पिकतोच, बाई!" दवाखान्याचं नाव काढलं की चपला घालून बाहेर. त्याचे वडील आपल्या पायांनी दवाखान्यात गेले होते आणि परत आले नव्हते. शेवटी तीच म्हणाली, "माझ्या यंत्रानं काही नाही म्हटलं, तर पुन्हा विषय काढणार नाही." त्यावर स्वारी तयार झाली.

तिनं आधी पांढरी चकती मोजली. पांढरं म्हणजे काय ते यंत्राला कळलं, तरच बाकीचे रंग खरे कळतात. त्या चकतीला कुणी बोट लावलं तर ती त्याचा उद्धार करायची. मग तिनं नळी आधी स्वतःच्या दंडाला टेकवली, नंतर त्याच्या.

त्याची रेघ निळ्या भागात तिच्या रेघेपेक्षा खोल खचली; निळा कमी परतला, म्हणजे कातडीत पिवळा जास्त. चकतीच मळली असेल. तिनं ती पुसली, पुन्हा मोजली, पुन्हा दंड. रेघ तिथंच खचली.

"किती वेळा तेच तेच?"

"चकती खराब झालीय बहुतेक." तिला खोटं बोलणं कधीच जमलं नव्हतं.

"बघू." त्यानं चकती उचलली. ती ओरडली नाही. खिडकीशी जाऊन त्यानं ती उलटसुलट पाहिली. "हिला काय धाड भरलीय? इतकं पांढरं मला भिंतीवर जन्मात जमलं नाही."

मग चकतीवर टेकलेल्या स्वतःच्या अंगठ्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्यानं चकती थोडी उजेडात धरली. अंगठा शर्टाला पुसून पुन्हा टेकवला; पिवळेपणा तसाच होता.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"तू महिनाभर म्हणतेयस तिथं. पण थांब, हात धुतो."

बेसिनपाशी त्यानं साबण लावला आणि काम सुटल्यावर धुवायचा तसे हात धुवायला लागला. आधी नखांच्या कडा, मग बोटांच्या बेचक्या, मग मनगटं. पुन्हा नखं. तिला रडू येत होतं. तिनं यंत्र बंद केलं, त्याची पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याचं होईपर्यंत दाराशी उभी राहिली.