उस्तादांचं नाक

हॉटेलच्या बारमध्ये उस्तादांनी तीस वर्षं कॉकटेलं बनवली, पण बाटलीवरचं लेबल म्हणून कधी वाचलं नाही. घरी तर नवी बाटली आली की आधी गरम पाण्यात बुडवून लेबल काढायचं, असा दंडकच होता. "वाचायला काय, कोणीही वाचेल," ते म्हणायचे. "बारमन नाकाने ओळखतो." हा तोरा बायकोला कधी आवडायचा, कधी डोक्यात जायचा. कपाटात मात्र बिनलेबलाच्या, पाण्यासारख्या दिसणाऱ्या बाटल्यांची रांग कायम असायची.

दोन महिन्यांपूर्वी तापाने उस्ताद घरी बसले, आणि त्या तापात ते नाक गेलं. समोर दूध करपून कोळसा झालं आणि उस्ताद शेजारी निवांत पेपर वाचत बसले होते, तेव्हा बायकोला कळलं. आधी ते तिच्यावरच खेकसले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅनेजरला कळलं तर मला परत काउंटरवर कोण उभं करेल?" ती मूग गिळून बसली. लेकीलाही तिने सांगितलं नाही.

आज पाच वाजता तो मॅनेजर घरी येणार होता, उस्तादांच्या हातची मार्टिनी प्यायला. म्हणायला पाहुणचार, खरं तर परीक्षा.

चार वाजताच उस्तादांनी टेबल मांडलं. बर्फ, व्हर्मूथ वाइन, लिंबाची साल, लांब दांड्याचा चमचा. सकाळपासून त्यांचं डोकं ठणकत होतं, दोनदा उलटी झाली होती. बायकोने ते परीक्षेच्या धास्तीवर ढकललं होतं.

"ही खिडकीची काच पूस की जरा. सगळं धुरकट दिसतंय."

काच तिने सकाळीच पुसली होती. तिने मुकाट्याने पुन्हा पुसली, पण मनात पाल चुकचुकली.

उस्तादांनी जिनची बाटली उघडली, डोळे मिटून नाकाशी नेली आणि "वा!" म्हणाले. नाटकात तसूभरही कसर नव्हती. ते बर्फ फोडायला वळले तशी तिने पटकन बाटली हुंगली. जिनच होती. तिला इतकं हायसं वाटलं, की स्वतःच्या भित्रेपणाचं हसू आलं.

तेवढ्यात मागच्या खोलीतून लेक आली. ती जुन्या फर्निचरला पॉलिश करायची. हात लाखेने बरबटलेले.

"आई, माझं पॉलिशचं स्पिरिट कुठे गेलं? परवा ओट्यावरची रिकामी बाटली घेऊन त्यात भरलं होतं. मागच्या खिडकीत होती."

"ती होय?" उस्ताद म्हणाले. "काल मीच कपाटात लावली. बाटली खिडकीत ठेवतात का कोणी?"

लेकीने कपाटातल्या एकेक बाटलीचं बूच काढून वास घेतला. तिसरी तिने उजेडात धरली.

"बाबा, भरल्यावर मी हिला हातही लावला नव्हता. चार बोटं कमी कशी?"

"काल संध्याकाळी सराव केला. दोन ग्लास. हात बसायला नको?"

"प्यायलात?"

"न पिता कसला सराव! जरा कडक होती, एवढंच."

लेक पांढरीफटक पडली. "बाबा, विष आहे ते! डोळे जातात, जीव जातो, स्पिरिटच्या डब्यावर लिहिलंय. तुम्हाला वास नाही आला?"

उस्तादांनी बायकोच्या दिशेने मान वळवली.

"त्यांना वास येत नाही," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "दोन महिने झाले. मला माहीत होतं."

लेक गाडीची किल्ली शोधायला धावली. बायको उस्तादांचा दंड धरून म्हणाली, "अहो, उठा. दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? मॅनेजर येईल ना." त्यांनी दंड सोडवून घेतला, चाचपून बाटली उचलली. "आधी दिवा लाव बघू. किती अंधारून आलंय."

खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. उस्ताद जिन ओतत होते, त्याच सराईत हाताने, धार न मोडता, ग्लासच्या बाहेर.