टोपणं न काढलेलं कार्ड

"कॅमेऱ्याकडे बघ वहिनी, आणि म्हण, चूक माझ्या हातून झाली. बस. एवढंच."

दीर हे इतक्या गोड आवाजात म्हणाला, की वहिनीची स्क्रूड्रायव्हरवरची मूठ आपोआप आवळली. हा त्याचा घरातला आवाज नव्हता, त्याच्या व्हिडिओ चॅनेलवरचा होता. कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, कुठलं कचऱ्यात टाकावं, कुठला गेम म्हणजे गेम आणि कुठला नुसता रंगीत धूर, हे तो रोज सकाळी याच आवाजात सांगायचा आणि चाळीस हजार माना डोलायच्या.

"काय चुकलं माझं, भावजी?"

"ते मग बघू. आधी बोलून टाक."

"म्हणजे दुखणं मग बघू, आधी कापून टाक."

कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या धाकट्या जावेला हसू आलं. दिराने मान वळवली, तसं तिने ते गिळलं.

टेबलापलीकडे दातांचे डॉक्टर बसले होते. चाळिशीचा टापटीप माणूस. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं आणि दुपारी दवाखाना रिकामा झाला की मागच्या खोलीत तासभर गोळीबाराचा गेम खेळायचा, एवढीच त्यांची चैन. चार महिन्यांपूर्वी त्यांनी या कॉम्प्युटरच्या दुकानातून त्यासाठीच मशिन बांधून घेतलं होतं. आज ते छातीशी धरून परत आणलं होतं.

"चालतच नाही हो," ते म्हणाले. "चालतं म्हणजे, फोटोंचा अल्बम उलटावा तसं चालतं. शत्रू दारात दिसतो, मी वळेपर्यंत माझ्या उरावर. मी गेमवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलंय सगळं."

लिहिलं होतं खरं. कार्डाच्या कंपनीने जगाला फसवलंय, गेम बनवणारे आळशी झालेत, पूर्वीच्या गेममध्ये जीव होता आणि आता नुसती कातडी उरलीये, असे लांबच लांब निबंध. खाली सातशे उत्तरं. अर्धे या कंपनीचे भक्त, अर्धे त्या कंपनीचे. एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचले, पण मशिनची पाठ बघा असं एकानेही सांगितलं नाही. शेवटी कोणीतरी विचारलं, जोडणी कोणाची? आणि ते भांडण चालत चालत दुकानाच्या पायरीवर आलं.

जोडणी वहिनीची होती. बावीस वर्षं तिचीच असायची. दुकान दोघा भावांचं, पाटीवर दोघांची नावं, आणि आतल्या टेबलाशी ही. गिऱ्हाईक यायचं, तिला बघायचं आणि विचारायचं, "आत कोणी आहे का?" जणू ती भिंतीवरचं कॅलेंडर. प्रोसेसर बसवताना तिच्या ओठांत एक ओळ यायची. तिची तिनेच जुळवलेली, कोणाला न ऐकवलेली:

हलक्या हाताने बसव, बाई, जोर नको देऊ,
पिना नाजूक, जसं तान्ह्याचं जावळ मऊ.

आणि मशिन उभं राहिलं की ती त्यावर एक जुना शर्यतीचा गेम लावायची. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता, पूर्ण एक तास. त्या तासात पंखा कुठे कण्हतो, कार्ड कुठे तापतं, गाडी कुठल्या वळणावर अडखळते, ते तिला कानाने कळायचं. तास पुरा झाल्याशिवाय तिच्या टेबलावरून मशिन हलत नसे. दिराला तो तास डोळ्यांत खुपायचा. "आकडे बघ ना वहिनी, सेकंदाला किती फ्रेम्स येतात ते बघ." ती म्हणायची, "आकडे तुमचे भक्त बघतील. मी गाडी बघते."

"मला मशिन उघडून तरी बघू द्या," ती आता म्हणाली.

"मी बघितलंय. कार्ड नीट बसलेलं नाही."

"कधी बघितलंत?"

दीर घड्याळाकडे बघू लागला. तिने एक स्क्रू काढला, बाजूची काच सरकवली. कार्ड आपल्या जागी होतं, दगडी पायरीसारखं घट्ट. मग तिने मशिन फिरवलं आणि पाठ बघितली.

बघितली, आणि वाकून पुन्हा बघितली.

मॉनिटरची वायर लावायला मशिनच्या पाठीला दोन ठिकाणी जागा असते. वरची मदरबोर्डची, नावापुरती. खालची कार्डाची, खरी; तिथे वायर लागली नाही की कार्ड नुसतं बसून राहतं. खालच्या तिन्ही तोंडांवर, धूळ जाऊ नये म्हणून तिने स्वतः बसवलेली काळी रबरी टोपणं जशीच्या तशी होती. वर चार महिन्यांची धूळ. म्हणजे वायर एकदाही तिथे लागलीच नव्हती. भरलं ताट झाकून ठेवायचं, पाहुण्याला शिळा तुकडा द्यायचा, आणि वर रांधणारीच्या हातांना नावं ठेवायची.

"डॉक्टर, दवाखान्यात वायर कोणी लावली?"

"सरांनी. स्वतः आले होते. व्हिडिओ पण आहे की."

जावेच्या हातातला फोन तयारच होता. तिने भोळेपणाने लावला की मुद्दाम, ते तिचं तिलाच ठाऊक. पडद्यावर दीर हसत होता. "मित्रांनो, केबल लावायलासुद्धा नजर लागते," असं म्हणून त्याने वायर उचलली आणि वरच्या जागेत खटकन बसवली.

चाळीस हजारांनी ते बघितलं होतं.

वहिनीने एकेक करून तिन्ही टोपणं काढली आणि डॉक्टरांसमोर ओळीने ठेवली. वायर खाली लावली. डॉक्टरांचाच गेम सुरू केला. शत्रू दारात आला, डॉक्टर वळले, गोळी सुटली. सगळं पाण्यासारखं.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले. त्या सातशे उत्तरांची रांग त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना स्पष्ट दिसत होती.

"बंद कर तो कॅमेरा," दिराचा घरातला आवाज परत आला. मग तो डॉक्टरांकडे वळून हसला. "साहेब, तुमचंही नाव खराब व्हायला नको आणि माझंही. आपण म्हणू, जोडणीत किरकोळ चूक होती, दुरुस्त केली. वहिनी एक वाक्य बोलेल. प्रकरण मिटलं."

डॉक्टरांनी टोपणांकडे बघितलं आणि मान डोलावली.

वहिनीने काउंटरकडे बघितलं. तिथे तिचा नवरा बसला होता. सगळा वेळ तिथेच होता. कीबोर्डकडे बघत, जणू त्यावरची अक्षरं आजच उगवली होती.

"अहो," ती म्हणाली. "ऐकताय ना?"

त्याने मान वर केली नाही. "बोलून टाक ना गं. दोन शब्द तर आहेत."

दिराचा राग तिला सोसला असता. डॉक्टरांचा भित्रेपणाही. बावीस वर्षं आपल्या शेजारी बसणारा हा माणूस मात्र एका झटक्यात परका झाला, आणि तो परका झाला याचा तिला संताप आला. रागाच्या भरात ती मशिनला कधीच शिवत नसे. तिने स्क्रूड्रायव्हर टेबलावर टाकला आणि दुकानाबाहेर पडली. काच उघडीच राहिली.

दिवेलागणीला नवरा घरी आला. ती कोपऱ्यातल्या मशिनसमोर बसली होती. लोकांनी टाकून दिलेल्या सुट्या भागांचं तिचं स्वतःचं मशिन. पडद्यावर तोच डोंगररस्ता. तिने गाडी थांबवली नाही.

"त्याने व्हिडिओ टाकलाय," तो दारातूनच म्हणाला. "जोडणाऱ्याला काढून टाकलं, असं म्हणालाय. पण तुझं नाव नाही घेतलं हां."

"माझं नाव कधी घेतलं होतं?"

तो चपला काढून आत आला. मग म्हणाला, "डॉक्टरांनी व्हिडिओखाली पसंतीचा अंगठा टाकलाय. छान सेवा म्हणून."

गाडी एक वळण चढली.

"दोन शब्दच होते गं," तो पुन्हा म्हणाला.

"मग तुम्ही का नाही बोललात? तुमच्या भावाला सांगायचं, वायर तू लावलीस. मोजा. तीनच होतात."

त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. "त्याने दिलंय. म्हणाला, तिचं तिला देऊन टाक."

रुमालात तिचा स्क्रूड्रायव्हर होता. बावीस वर्षांत तिच्या मुठीच्या आकाराची झालेली त्याची मूठ. टोकाला लोहचुंबक होतं, आणि त्या टोकाला एक बारीक काळा स्क्रू अजून चिकटून होता.

वहिनीने गाडी रस्त्याकडेला लावली.

"हा डॉक्टरांच्या काचेचा आहे."

"हो, काच नुसती सरकवून त्याने मशिन डॉक्टरांना दिलं. मी म्हणालो त्याला. तो म्हणे, एका स्क्रूने काय होतं."

"काय होतं? काच थरथरते. पंख्याबरोबर घरघर करते. आठ दिवसांत डॉक्टर म्हणतील, बाईने बांधलेलं मशिन, आवाज करतंय."

ती उठली. पायात चपला सरकवल्या. स्क्रू मुठीत घेतला, स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला.

"आता? त्यांच्याकडे?" नवऱ्याचा आवाज फाटला. "त्या माणसाने तोंड उघडलं नाही तुझ्यासाठी!"

"तुम्ही उघडलंत?"

तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "मी येऊ का बरोबर?"

"नको. ताट वाढलंय. झाकण काढून घ्या तेवढं."

दवाखान्याची पाटी उजळलेली होती. बाहेरच्या बाकावर एक म्हातारा गाल धरून बसला होता. वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. आतून डॉक्टरांनी दाराच्या काचेतून बघितलं, आणि नजर खाली वळवली.

"तुमचा कुठला दुखतोय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"माझं काम राहिलंय," ती म्हणाली, आणि तळहात उघडून स्क्रू आहे ना ते बघितलं. तो होता. घामाने ओला झालेला, आणि घट्ट दाबल्यामुळे तळहातावर त्याचे बारीक आटे उमटले होते. तिने मूठ पुन्हा मिटली आणि आपल्या पाळीची वाट बघत ताठ बसून राहिली.